दातखीळ

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करायला तोंड उघडलं आणि ते निम्म्यावरच अडलं. ड्रॉवरमध्ये काहीतरी आडवं पडलं की तो जसा पुढे येत नाही, अगदी तसं. आदल्या दिवशी सदाशिव पेठेत आईकडे चकल्या आणि कडबोळी मनसोक्त झाली होती. फोन केला तर आईचा पहिला प्रश्न, "अगं, गंजकं लोखंड वगैरे कुठे लागलं नाही ना?" तिच्या डोक्यात धनुर्वात. मागून बाबा म्हणाले, "हिची दातखीळ बसेल असं कधी वाटलं नव्हतं."

खरं तर महिनाभर डावा कान ठणकत होता. कानाच्या डॉक्टरांना कानात काहीच सापडलं नाही. मग एका दवाखान्यात ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला, त्यात अक्कलदाढ आडवी दिसली आणि ती काढायचं पाच मिनिटांत ठरलंही. ऑफिसात ऑडिटचा सीझन होता म्हणून मी पुढे ढकललं. ती दाढ अजून जागेवर आहे, बिचारीचा काही त्रास नाही.

टिळक रोडजवळच्या डॉक्टरबाईंनी मात्र आधी दातांकडे बघितलंच नाही. माझीच बोटं त्यांनी कानाच्या पाळीपुढे ठेवायला लावली. "हळूहळू उघडा." उजव्या बोटाखालून एक छोटंसं हाड पुढे सरकलं. डावं जागच्या जागी फिरलं, बस. आरशात हनुवटी डावीकडे ओढली जात होती. स्टीलची बारीक पट्टी वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये धरली: २६ मिलिमीटर. साधारण ४० तरी हवेत. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. माझी दोनही जाईनात.

टेबलावरच्या कवटीवर त्यांनी दाखवलं. तोंड पहिल्यांदा उघडतं ते बिजागरीसारखं, खालच्या जबड्याचं टोक खोबणीत नुसतं फिरतं. त्यानंतर ते टोक उतारावरून पुढे घसरतं, तेव्हा कुठे पूर्ण आ वासता येतो. त्या टोकावर टोपीसारखी एक चकती असते. माझी डावीकडची चकती पुढे सरकून वाटेतच बसली होती, त्यामुळे फिरणं चालू, घसरणं बंद. म्हणून २६.

"आधी टक् असा आवाज यायचा?"

दोन वर्षं यायचा. जांभई दिली की हमखास. तो परवापासून थांबला म्हणून मी खूश होते! तो आवाज म्हणजे सरकलेली चकती परत टोकावर बसण्याचा होता. आता ती बसतच नव्हती. एक्स-रेत हाडं दिसतात, चकती नाही, त्यामुळे त्या फिल्मवर हे कळायला मार्गच नव्हता.

मग स्नायू. गालावर तळवा ठेवून दात आवळले की जो गोळा फुगतो तो मॅसेटर. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेंपोरॅलिस. शेंगदाणे खाताना तिथे हात लावून बघा, हलताना कळतो. जबड्याच्या आतल्या बाजूला मीडियल टेरिगॉइड. हे तिघंही तोंड मिटणारे. चौथा, लॅटरल टेरिगॉइड, जबडा पुढे ओढतो आणि उघडायला मदत करतो. म्हणजे मिटायला तीन दांडगट आणि उघडायला हा एक नि हनुवटीखालचे किडकिडीत. बाईंनी माझा मॅसेटर दोन बोटांत धरून दाबला आणि कळ थेट कानात गेली.

"हेच का कानाचं दुखणं?"

हेच. महिनाभर मी कानात थेंब घालत होते.

"रात्री दात खाता का?" मी नाही म्हणाले. शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "खाते की. कराकरा." लग्नाला अकरा वर्षं झाली! तर म्हणे, "मला वाटलं तुला माहीत असेल." आमच्याकडे दात खाणं म्हणजे जंत, लहानपणी आईने त्यासाठी मला औषधंही पाजली आहेत.

पुढचं सगळं कंटाळवाणं. घरभर फराळाचे डबे आणि माझ्या ताटात मऊ भात, पिठलं. दिवसातून दोनदा गरम शेक. जिभेचं टोक टाळूला लावून तोंड उघडायचा व्यायाम, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. रात्री झोपताना दातांवर घालायच्या प्लेटचं माप घ्यायचं होतं, पण मापाचा ट्रेच तोंडात जाईना. आधी बाईंनी अंगठ्यांना गॉज गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवले आणि जबडा खाली दाबत पुढे ओढला, तीन वेगवेगळ्या दिवशी. डोळ्यांत पाणी आलं, पण आकडे हलले: ३१, मग ३५. तेव्हा कुठे माप झालं.

सगळ्यात अवघड काय, तर दिवसा दात एकमेकांना लागू न देणं. ओठ मिटलेले, दात सुटे. बाईंनी सांगितलं, नजर जाईल तिथे टिकली लावा. मी मॉनिटरवर, फ्रिजवर आणि स्कूटरच्या आरशावर लावली. एक्सेल उघडलं की टिकली दिसायची आणि दात आवळलेले सापडायचे. दर वेळी.

प्लेटची डबी बघून आई हबकली. "या वयात कवळी?"

संक्रांतीला पट्टीवर ४१ आले. टक् आवाज परत आलाय, पण दुखत नाही तोवर त्याच्या मागे लागू नका असं बाईंचं म्हणणं. संध्याकाळी आईकडे गेले. तिने माझ्या हातावरचा लाडू उचलून परत डब्यात टाकला. "तो दगड झालाय. तू वडी घे."