आधी शून्य कुठंय ते सांगा

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा ग्रुपवर निरोप आला आणि मी दुसऱ्या मिनिटाला हो म्हणून टाकलं, कारण मला एकाच माणसाबद्दल लिहायचंय. बाकीच्या सर-बाईंनी राग मानू नये, मराठीच्या बाईंनी तर अजिबात नाही, त्यांनी शुद्धलेखनासाठी घेतलेले कष्ट वाया गेलेत हे खालच्या मजकुरावरून कळेलच. मी लिहितोय ते भूमिती आणि कार्यानुभवाच्या सरांबद्दल. नाव टाकत नाही, त्यांना असलं कौतुक आवडायचं नाही, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीतले सर म्हटलं की नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही बॅचला अजून वेगळी ओळख लागत नाही.

मी सध्या भोसरीला पीसीबीच्या कारखान्यात कॅम डिपार्टमेंट बघतो. पीसीबी म्हणजे टीव्ही, मीटर, चार्जर कशातही उघडून बघितलं की दिसतो तो हिरवा बोर्ड. त्याला शेकड्यानं बारीक भोकं असतात, कधी हजारांनी, आणि ती कुठं पाडायची, केवढी पाडायची हे ड्रिल मशिनला सांगणारी फाईल तयार करणं हे माझं काम. गावाकडं कुणी विचारलं तर मी भोकं पाडतो असंच सांगतो. लग्नाच्या वेळी सासरच्यांना हे सांगताना वडिलांची जी पंचाईत झालेली ती वेगळीच.

तर सरांचा तो तास. आठवीत असू आम्ही. सर फळ्यावर काही काढायचे नाहीत, नुसते आकडे सांगायचे, एक्स वीस वाय पस्तीस, एक्स वीस वाय चाळीस, आणि आपण आलेख कागदावर टिंबं देत जायचं. त्या दिवशी म्हणाले टिंबं नको, कागदाखाली संचार पेपरची घडी ठेवा आणि कर्कटकाच्या टोकानं भोक पाडा. आम्हाला काय, मजाच. सगळ्यांची झाल्यावर सरांनी कागद गोळा केले, टेबलावर आपटून कोपरे जुळवले, समासात दोन टाचण्या मारल्या आणि तो गठ्ठा खिडकीसमोर धरला. एप्रिलचं सोलापूरचं ऊन, बाहेर डोळे उघडवत नव्हते एवढा उजेड, आणि गठ्ठ्यातनं एक किरण पलीकडं येईना. एकही नाही.

कुणीतरी म्हणालं सर कागद जाड झालाय. सर काही बोलले नाहीत, टाचण्या काढल्या आणि एकेकाला उभं करून विचारत सुटले, "कुठनं मोजालास बे?" एकानं कागदाच्या कोपऱ्यापासून मोजलेलं, एकानं छापील चौकटीपासून, भवानी पेठेतल्या आमच्या दोस्तानं एका मोठ्या घराला दहाऐवजी पाच धरलेलं, आणि डावखुऱ्या सुऱ्यानं उजव्या कोपऱ्यातनं सुरुवात केलेली. आम्हाला वाटलं आता पट्टी. पण सर हसले आणि म्हणाले, "सगळ्यांचं बरोबर हाय, म्हणूनच कुणाचं जुळंना." मग स्वतःच म्हणाले की मी शून्य कुठं आणि एकक काय ते मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्याच एका पोराच्या वडिलांच्या कारखान्यातनं जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, भोकं पाडलेले पुठ्ठे आणले. पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या पोरांना त्यात काही नवं नव्हतं, घरात पडलेलेच असायचे, पण चादरीवरचा मोर त्या भोकांतनं येतो हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. भोक असलं तर सुई आत जाते, हूक उचलला जातो, उभा धागा वर येतो. भोक नसलं तर धागा खालीच. प्रत्येक आडव्या धाग्याला एक पुठ्ठा, असे सगळे पुठ्ठे दोरीत ओवलेले. पंचिंग करणारा माणूस चौकटीच्या कागदावरची नक्षी ओळीनं वाचत पुठ्ठ्यावर भोकं पाडत जातो, आणि एक ओळ चुकली तर मागावर बसणाऱ्याला मोराची मान तुटलेली दिसते. सरांनी तेवढं दाखवलं आणि पुढं वर्षभर फळ्यावर आकडा लिहायच्या आधी कोपऱ्यात शून्य कुठंय ते आणि मिमी का सेमी ते लिहूनच घ्यायचे.

पुढं मी डिप्लोमा केला, हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, नोकरी लागली आणि पहिली ड्रिल फाईल नोटपॅडमधे उघडून बघितली. वर एम ४८, म्हणजे इथनं हेडर, फाईल कशी वाचायची ते सांगणारा वरचा भाग, सुरू. मग मेट्रिक का इंच. मग हत्यारांची यादी, टी ०१ सी ०.८० म्हणजे एक नंबरचं बिट, भोक पाडायचं ड्रिलचं टोक, ०.८० मिमी. मग टक्क्याचं चिन्ह, हेडर संपलं. खाली नुसते एक्स वाय, एक्स वाय, पानंच्या पानं, आणि शेवटी एम ३०. एक्सेलॉन नावाच्या अमेरिकन ड्रिल मशिनवाल्या कंपनीची ही पद्धत, आता जगभर तीच चालते. मला एकदम पत्र्याची खोली आठवली, सर आकडे सांगतायत असंच वाटलं.

आता यातली खरी गोम. या आकड्यांत दशांश चिन्ह बऱ्याचदा नसतंच, आणि जागा वाचवायला पुढची नाहीतर मागची शून्यं गाळलेली असतात. समजा ०१२५ लिहिलंय आणि फॉरमॅट पूर्णांकाचे तीन अंक, दशांशाचे तीन असा आहे. मागची शून्यं गाळलीत असं धरलं तर ते १२.५ मिमी, पुढची गाळलीत असं धरलं तर ०.१२५ मिमी. तेच भोक, शंभर पट फरक. त्यात गर्बर फाईलमधल्या, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांच्या फाईलमधल्या, एलचा अर्थ पुढची शून्यं गाळली आणि ड्रिल फाईलमधल्या एलझेडचा अर्थ पुढची शून्यं ठेवली, असा उलटा कारभार. एका गिऱ्हाइकाकडनं हेडरच नसलेली फाईल आली, उघडली तर सगळी भोकं बोर्डाच्या एका कोपऱ्यात गोळा. अशा वेळी मी आयसीचे, म्हणजे बोर्डावरच्या काळ्या चिपचे, पाय शोधतो. जुन्या धर्तीच्या आयसीचे शेजारचे दोन पाय २.५४ मिमीवरच असतात, म्हणजे इंचाचा दहावा भाग, त्यामुळं ज्या वाचनात ते अंतर २.५४ येतं ते वाचन बहुतेक खरं. तरी मी गिऱ्हाइकाला फोन करतोच. आमच्यातली नवी पोरं फाईल माऊसनं सरकवून डोळ्यांनी बसवतात, हे मला अजिबात मान्य नाही. भोकाभोवतीची तांब्याची कडीच ०.१५ मिमीची असेल तर डोळ्याच्या अंदाजावर काय बसवणार.

दुसरं, गिऱ्हाईक लिहितं ते माप तयार भोकाचं असतं. भोकाच्या आत तांबं चढतं, साधारण २५ मायक्रॉन, ते दोन्ही बाजूंनी, वर टिनचा थर, म्हणून १.० मिमी मागितलं की आम्ही १.१ चं बिट लावतो. स्क्रूच्या भोकात मात्र तांबं नकोच असतं, म्हणून त्यांची फाईल वेगळी मागून घ्यायची, एकत्र आली तर कुठलं कुठलं ते लेखी विचारायचं. कुणी इंचात काम केलेलं असतं, मग यादीत ०.८० आणि ०.८१२८ अशी दोन हत्यारं दिसतात, ती विचारून एकात घालायची, उगाच मशिनला बिट बदलायला लावायचं नाही. आणि एकाच जागी दोनदा भोक आलंय का ते बघायचं. ०.३ चं कार्बाइड बिट नुसतं तिरपं लागलं तरी मोडतं.

खाली मशिनवर बोर्ड एकावर एक रचतात, पिनांनी पक्के करतात, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, तळाला टाकाऊ बोर्ड. ड्रिल झाल्यावर आमचा ऑपरेटर पॅनल, म्हणजे ड्रिल केलेला मोठा बोर्ड, नक्षीच्या फिल्मवर ठेवून खालनं उजेड सोडतो आणि भोकं जुळली का बघतो. नव्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. आलेख कागद, कर्कटक आणि आकडे, एवढंच. गठ्ठा खिडकीला धरला की त्यांचे चेहरे आमच्यासारखेच होतात. मॅनेजमेंटला हा वेळेचा अपव्यय वाटतो, वाटू दे. एकक न विचारता फाईल मशिनला सोडणारा माणूस माझ्याकडं आता नाही, याचं श्रेय मी कुठल्याही ट्रेनिंगला देणार नाही.

सरांना हे सगळं सांगायचं राहून गेलं. गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी घरी यायचो, सर तिथंच सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं संध्याकाळी चालायला यायचे, दोनदोन शब्द बोलून पुढं जायचो. सर गेले तेव्हा मला चार दिवसांनी कळलं.

मागच्या वेळी शाळेत गेलो तर पत्र्याची खोली पाडलेली, तिथं पार्किंग झालंय. ड्रॉइंगचे बोर्ड, टी स्क्वेअर, लाकडी मोठं कर्कटक सगळं भंगारात गेलं म्हणे. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅब आहे, एसी आहे, चांगलंच आहे, नाही म्हणत नाही, पण खिडक्यांना काळी फिल्म लावलीय.

आमच्याकडं रद्द झालेली ड्रिल केलेली पॅनल आणि बोथट बिटं बरीच पडून असतात. धार गेलेली ती बिटं, काचेच्या डबीत घालून द्यावी लागतील, पोरं हातात घेऊन मोडतील. एक खोका भरून ठेवलाय, सोबत आलेख कागदाची रिमं. मुख्याध्यापिका बाईंशी बोलणं झालंय, फक्त लॅबमधे ठेवायचं का विज्ञानाच्या कपाटात एवढं त्या शिपाईमामांना विचारून सांगतो म्हणाल्यात. तेवढं कमिटीनं मनावर घ्यावं, खोका सातरस्त्याला भावाच्या घरी आणून ठेवलाय.