आमची वाटचाल: अंगणातली फळी आणि तिच्याखालचा सांगाडा

आमचं घराणं सुतारकीचं. आजोबा नांगर करायचे, अण्णा दारं-खिडक्या आणि झोपाळे. माझ्या हातात कारखाना आला तोवर दापोलीच्या किनाऱ्याला घरोघरी पाहुणे उतरू लागले होते, त्यामुळे खाटा, टेबलं, कपाटं हेच काम. ‘डेक’, म्हणजे अंगणात बसायला फळ्यांचा बैठा मंच, हा शब्द आमच्या वहीत आला तो वादळानंतर.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. केळशी, आंजर्ले, मुरुड, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या झाल्या, जुने आंबे-फणस मुळासकट उपटले. लोकांचं म्हणणं, एवढं लाकूड पडलंय तर त्यातूनच बागेत बसायला काहीतरी कर. आम्ही आंब्याच्या फळ्या पाडून बैठे मंच केले. आंबा उघड्यावर टिकत नाही असं अण्णा बजावत होते, पण मी तेव्हा फार घाईत होतो. दुसरा पावसाळा संपेपर्यंत स्क्रूभोवतीचं लाकूड भुसभुशीत झालं होतं आणि खालून वाळवी चढली होती. सागाचा भाव सांगितला की गिऱ्हाईक चहा संपवून उठायचं.

म्हणून डब्ल्यूपीसीकडे वळलो. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र वितळवून काढलेली फळी. वाळवी लागत नाही, पॉलिश नको, आणि सागापेक्षा स्वस्त. पहिलं काम मिळालं एका काकूंचं. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मागच्या वाडीत १० बाय १२ फुटांचा डेक. मी बाजारातली सर्वांत स्वस्त पोकळ फळी उचलली. खाली साध्या लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर रेड ऑक्साइडचा हात. पैसे वाचावेत म्हणून दोन पाइपांत दोन फूट अंतर ठेवलं. फळ्या एका टोकाला भिंतीला घट्ट टेकवल्या, दुसऱ्या टोकाला चिऱ्याच्या कट्ट्याला. फट दिसली तर काम गबाळं वाटेल, ही माझी अक्कल.

एप्रिलमध्ये काकूंचा फोन आला, “अरे, तुझ्या फळ्यांनी पोक काढलंय, येऊन बघ.”

गेलो. मधल्या चार फळ्या खरोखर उंटासारख्या वर आल्या होत्या. लाकूड पावसात आडवं फुगतं हे आम्हाला पिढीजात ठाऊक. ही फळी उन्हाने लांबीत वाढते हे मला ठाऊक नव्हतं. तीन मीटरच्या फळीत पहाटेचा गारवा आणि दुपारचं ऊन यात तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तिला दोन्हीकडून जखडलं तर ती जाणार कुठे? शिवाय दोन फुटांच्या अंतरामुळे चालताना फळी लवत होती, आणि खाऱ्या हवेने पाइपांचे पापुद्रे सुटायला लागले होते. सगळं उखडलं आणि पदरमोड करून नव्याने केलं. त्या वर्षी नफा नावाची गोष्ट वहीत नव्हती.

त्यानंतर सॅम्पल तपासायची आमची पद्धत ठरली. वीतभर तुकडा कापायचा, शेजारच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलायचा, आठवडाभर बादलीत बुडवून पुन्हा तोलायचा. वाणी विचारतो, “आज काय, फळीचं वरण?” पण फरक काट्यावर दिसतो. ज्या फळीवर चहूबाजूंनी प्लॅस्टिकचं कवच असतं ती फार कमी पाणी पिते. कवच नसलेली जास्त पिते, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात तिच्यावर शेवाळ लवकर धरतं. कवच असलं तरी कापलेलं टोक उघडंच राहतं, म्हणून टोकाची पट्टी लावायचीच.

एक घोळ मात्र रोज निस्तरावा लागतो. प्लायवूडच्या दुकानात दारांसाठी, किचनसाठी डब्ल्यूपीसी म्हणून जो बोर्ड मिळतो तो बहुतेकदा पीव्हीसीचा फेस असतो. वजनाला हलका, भावाने गोड. तो डेकवर टाकू नका. नाव एक, माल वेगळा.

स्वस्तात करायचं तर कुठे हात आखडायचा हे आता आम्ही आधीच सांगतो. सांगाड्यात आखडायचा नाही. दोन पाइपांत एका फुटाच्या आसपासच अंतर, पाइप जस्ताचा मुलामा दिलेला, वेल्डिंगच्या जागी जस्ताचा रंग. समुद्र दिसत असेल तर फळ्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. नेहमीच्या ३०४ ग्रेडवर खाऱ्या वाऱ्याने तांबूस डाग उठतात. भिंतीपाशी बोटभर जागा मोकळी. पैसे वाचवायचे ते आकारात. आमच्या कोटेशनमध्ये फळ्यांइतकाच खर्च खालचा सांगाडा, क्लिपा आणि मजुरी खातात, त्यामुळे फळीच्या फुटामागे दहा-वीस रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा डेक १२ बाय २० चा १० बाय १२ केलेला बरा. आंब्याखाली बसण्यापुरता डेक आणि तिथवर जायला चिऱ्याची पायवाट. चिरा आपल्याच मातीतला, पावसात काळवंडतो पण रुबाब सोडत नाही. सावलीत, जिथे चारच माणसं बसणार, तिथे पोकळ फळी चालते. जिथे पाहुणे बॅगा ओढत येणार तिथे भरीवच.

रंगाबाबत मी हट्टी आहे. पुण्या-मुंबईचे मालक फोटो पाहून गडद कॉफी रंग मागतात. मी त्यांना दुपारी दोन वाजता गच्चीवर नेतो, तिथे ठेवलेल्या काळपट तुकड्यावर अनवाणी उभं राहायला सांगतो. बहुतेक जण फिकट रंगावर येतात. कवच नसलेल्या फळीचा रंग पहिल्या काही महिन्यांत थोडा उडतो, मग स्थिरावतो, हेही बिलाआधी सांगून टाकतो.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते: फुरसं, म्हणजे विषारी साप. डेकखाली पाला साचला, ओलावा राहिला की उंदीर येतात, बेडूक येतात, आणि त्यांच्यामागे हे येतं. म्हणून खालची जमीन उताराची करून घेतो, आणि प्रत्येक डेकला एक उचलता येणारा भाग ठेवतो. मेच्या शेवटी तो उचलून पाला काढायचा, हातात काठी आणि पायात बूट घालून.

मागच्याच महिन्यात एका गृहस्थांना आम्ही काम नाकारलं. त्यांच्या बागेत सखल भागात पाणी तुंबतं आणि डेक तिथेच हवा होता. मातीचा भराव आणि चर आधी करा म्हटलं. त्यांनी दुसऱ्याला काम दिलं असं कळलं. ठीक आहे.

काकूंचा डेक अजून आहे. मे महिन्यात त्या त्यावर आमसुलं वाळत घालतात. त्यांच्या फळीला कवच नाही, तेव्हा परवडलं नव्हतं, त्यामुळे कोकमाचे लालसर डाग आत मुरलेत. मी म्हटलं, काकू, खाली प्लॅस्टिक तरी अंथरा. त्या म्हणाल्या, “प्लॅस्टिकवर आमसूल घाम धरतं रे, सुकत नाही.” पुढच्या खेपेला त्यांना दोन सुपं नेऊन द्यायची आहेत.