न विकलेल्या शेअरवरचा टॅक्स

एप्रिल २००१ ची गोष्ट. मी तेव्हा सॅन होजेत एका छोट्या ऑफिसात लोकांचे टॅक्स रिटर्न भरून द्यायचे. त्या वर्षी १५ तारीख रविवारी आली म्हणून मुदत सोमवारपर्यंत होती, आणि शनिवारी दुपारी सांगलीकडचा एक मुलगा बायकोला घेऊन आला, फायबर ऑप्टिकची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. फाइल एकदम व्यवस्थित, आणि त्यात एक कागद: मार्च २००० मध्ये ५,००० ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क, एक्सरसाइज करून शेअर घेतले, ठरलेला भाव २ डॉलर, त्या दिवशी बाजारात ९०.

विचारलं, विकले कधी?

"विकलेच नाहीत ताई. वर्षभर ठेवले की २० टक्केच टॅक्स ना?"

पोटात गोळाच आला माझ्या. अमेरिकेत एएमटी म्हणून टॅक्सचा दुसरा हिशोब असतो, त्यात असे ऑप्शन घेऊन नुसते ठेवले तरी मधला फरक, म्हणजे इथे ४,४०,००० डॉलर, त्या वर्षाचं उत्पन्न धरतात. हातात एक डॉलर आलेला नसताना! तीनदा आकडे घातले, टॅक्स सव्वा लाखाच्या आसपासच येत होता आणि शेअर तोवर ११ वर, म्हणजे सगळे विकले तरी ५५,०००. ३१ डिसेंबरच्या आत विकले असते तर जेवढा खरा नफा तेवढ्यावरच टॅक्स लागला असता, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

"पण मी एकही शेअर विकला नाही, मग टॅक्स कशाचा?" तो परत परत हेच.

त्याला हावरट म्हणणारे खूप भेटले, मला ते मुळीच पटत नाही. जुलै २००० मध्ये जेडीएस युनिफेज या फायबर ऑप्टिकवाल्या कंपनीने त्याच धंद्यातली एसडीएल ४१ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं होतं, तेव्हा कोण विकणार? आणि हा तर रोज स्वतः टेस्टिंग करायचा, केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून ८० वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश, प्रत्येकावर १० गिगाबिट. पण त्यामुळेच तर एकेका धाग्यात इतका डेटा मावायला लागला की टेलिकॉमवाल्यांनी कर्ज काढून पुरलेलं बाकीचं फायबर तसंच अंधारात पडून राहिलं, मग नव्या ऑर्डरी कुठून येणार.

बायको इतका वेळ गप्प होती. तिने फक्त विचारलं, "महिन्याला किती भरावे लागतील?"

सोमवारी बाजार उघडला की शेअर विकायचे, येतील तेवढे भरायचे आणि बाकीचे हप्त्याने, असं ठरलं. हप्ते मागायचा ९४६५ नंबरचा फॉर्म काढला, रकमेचा रकाना तिनेच भरला.