बरणीला लेबल नसतं

दर मंगळवारी टेम्पो आला की खारीच्या पिशव्या फोडून बरण्या भरायच्या. टोस्ट वेगळे, नानकटाई वेगळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी 22 वर्षांपासून किराणा चालवतो. गेल्या दिवाळीनंतर छातीत स्टेंट बसला, नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "बेकरीचं बंद." तेव्हापासून मी विकतो, तोंडात टाकत नाही.

घरी पडून होतो तेव्हा बिस्किटांचे पुडे उलटे करून वाचायचा नाद लागला. मागच्या चौकटीत ट्रान्स फॅटची एक ओळ असते. अक्षर इतकं बारीक की भिंग लागतं, अन् तेही इंग्रजीत. पोरगी बारावी सायन्सला. ती म्हणाली, पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करतात, तेच वनस्पती तूप. अर्धवट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं अन् चांगलं उतरवतं. म्हणजे दोन्हीकडून मार.

सरकारनं मर्यादा उतरवत आणली आहे. तेल-वनस्पतीत 5 टक्के होती, 2021 ला 3 झाली, 1 जानेवारी 2022 पासून 2. खारीसारख्या पदार्थालाही तीच लागू, आतल्या एकूण तेल-तुपाच्या 2 टक्के. डेन्मार्कनं 2003 मध्येच 2 टक्क्यांवर आणलं होतं. पुड्यावर 'ट्रान्स फॅट फ्री' छापायचं तर 100 ग्रॅमला 0.2 ग्रॅमपेक्षा कमी पाहिजे.

हे सगळं पुड्याचं. माझ्या बरणीवर काय वाचायचं? पिशवी कोरी, वनस्पतीच्या डब्यावरचं लेबल बेकरीतच राहतं, गिऱ्हाईकाच्या हाती रद्दीचा पुडा.

बेकरीवाल्याला फोन लावला. "वनस्पती कोणतं घालता?"

"चांगलंच घालतो न भाऊ."

"डब्यावर ट्रान्स फॅट किती लिहिलंय?"

"डबा कोन वाचते जी!"

तरी बिचाऱ्यानं फोटो पाठवला. नेमकं आकड्यावर त्याचं बोट. मुद्दाम नसावं. दुसरा मागवला, तो अजून आला नाही.

बरण्या रिकाम्या ठेवाव्यात असंही मनात येतं. पण सकाळी चहासोबत खारी हेच कित्येकांचं पहिलं खाणं, वावरात जायच्या आधी. काल शेजारची काकू पाव किलो घ्यायला आली. तराजूकडं पाहत म्हणाली, "सोता खात नाही, अन् मले जोखून देऊन राह्यला?"

मी दोन खाऱ्या काढून ठेवल्या. तिनं त्या परत टाकायला लावल्या.