मागून उघडायचा अंक

आमच्या कॉलेजचा अंक वर्षातून दोनदा येतो. मुखपृष्ठावर एखादी नवी इमारत, आत प्राचार्यांचं मनोगत, मग देणगीदारांची यादी. त्या यादीतला टाइप देणगीच्या आकाराप्रमाणे लहानमोठा होतो. यातलं काहीही मी कधी वाचलेलं नाही. अंक हातात पडला की तो मागून उघडायचा. मागची दहा-बारा पानं माजी विद्यार्थ्यांच्या खबरबातीची असतात, वर्षवार लावलेली. आधी आपलं वर्ष. मग एक वर्ष पुढचं आणि एक मागचं. तिथे कुणाकुणाची नावं शोधतो ते जाऊ द्या.

सर्वांत जुनी बॅच सर्वांत आधी, असा त्या पानांचा क्रम. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते अगदी शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या नावाच्या जरासं वर. मग दरवर्षी एक नवी तुकडी मागे येऊन उभी राहिली आणि आम्ही पुढे सरकत गेलो. नंबर लवकर लागतोय म्हणून कुणी खूश होत नाही अशी ही एकच रांग असावी. पानागणिक क्रियापदंही बदलतात. शेवटच्या पानावर सगळे ‘रुजू’ होत असतात. चार पानं पुढे बढत्या आणि दुसरी मुलं. त्याही पुढे मुलांची लग्नं, निवृत्ती, गुडघा. अगदी पहिल्या पानावरचे लोक मात्र हुद्दे विसरलेले असतात. ‘रोज चालतो’ एवढंच लिहितात, आणि ते वाचून बरं वाटतं.

‘माजी’ हा शब्द मला कधीच आवडला नाही. माजी मंत्री, माजी अध्यक्ष, तसे माजी विद्यार्थी. आता तुम्ही काय नाही, तेवढंच तो सांगतो. इंग्रजीतला ‘अलम्नस’ मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ पोसलेलं मूल. त्यात निदान कुणीतरी कधीतरी भरवल्याची आठवण आहे.

सहा वर्षांपूर्वी आमच्या वर्षाच्या बातम्या गोळा करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. नको म्हणायला बाकीचे माझ्यापेक्षा चपळ निघाले, एवढंच. आमची बॅच तेवीस जणांची. मोठ्या विद्यापीठात माणूस सहज हरवू शकतो. तेवीस जणांत एकाचं नाव नसलं की पडलेल्या दातासारखी जीभ तिथेच जाते.

छोट्या कॉलेजची माणसं त्याबाबत हळवी असतात, आणि हे फार जुनं आहे. अमेरिकेतलं डार्टमाउथ कॉलेज तिथलं राज्य सरकार ताब्यात घेऊ पाहत होतं, तेव्हा १८१८ साली सर्वोच्च न्यायालयात कॉलेजच्या बाजूने डॅनियल वेब्स्टर उभा राहिला. तो तिथूनच १८०१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेला. आमचं कॉलेज छोटंसं आहे, तरीही त्याच्यावर जीव असणारी माणसं आहेत, असं तो शेवटी म्हणाला आणि त्याचा गळा दाटून आला, असं सांगतात. पुढच्या वर्षी निकाल कॉलेजच्या बाजूने लागला. विल्यम्स कॉलेजची गोष्ट त्यानंतर लगेचची, १८२१ मधली. अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना घेऊन नव्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात निघून गेले. आता आपलं कॉलेज बंद पडणार या धास्तीने जुने विद्यार्थी एकत्र जमले आणि त्यांनी संघ काढला. आज तो जगातला सर्वांत जुना माजी विद्यार्थी संघ मानला जातो. आपण स्नेहमेळावे समजतो त्याचा उगम असा भीतीत आहे.

आमच्या मजकुरासाठी एक छापील फॉर्म आहे. नाव, वर्ष, हुद्दा, संस्था, पुरस्कार व सन्मान. मर्यादा साठ शब्द. एवढ्या रकान्यांत माणूस बसवायचा. हार्वर्डच्या १९६२ च्या बॅचने पन्नास वर्षं झाल्यावर, २०१२ साली, असाच अहवाल काढला होता. त्यात टेड कझिन्स्की या वर्गबंधूचीही नोंद होती. बॉम्बनी तीन जणांचा जीव घेणारा हा माणूस. व्यवसाय: कैदी. पुरस्कार: आठ जन्मठेपा. नंतर माजी विद्यार्थी संघटनेने ती नोंद छापल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ज्यांचे जीव गेले त्यांच्या घरच्यांचा विचार केला तर ती योग्यच होती. पण फॉर्मने जे विचारलं ते त्याने भरलं होतं, हेही खरं.

आमच्याकडे इतकं काही घडत नाही. एक जण दर वेळी आपला अख्खा बायोडेटा पाठवतो आणि ‘योग्य वाटेल ते कापावे’ असं लिहितो. कापल्यावर रागावतो. एकीने ‘संचालक’ म्हणून मजकूर पाठवला आणि रात्री साडेदहाला फोन केला, “अरे, सहसंचालक कर. आपल्यातले दोघं त्याच क्षेत्रात आहेत, लगेच ओळखतील.” थापा मारायला मोठं कॉलेज लागतं.

खऱ्या बातम्या व्याकरणात लपलेल्या असतात. मागच्या अंकापर्यंत ‘आम्ही’ लिहिणारा या अंकात ‘मी’ लिहितो. बाकी सगळं तेच, तीच नोकरी, तीच दोन मुलं. मी काही विचारत नाही, तसंच पुढे पाठवून देतो. अंक निघाला की आठवड्याभरात चार जणांचा फोन येतो, “त्याचं काय झालं रे?” सगळे तो एकच शब्द वाचतात.

‘माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही,’ असं कळवणाऱ्यांना मी मुद्दाम फोन करतो. असाच एकाला केला. चाळीस मिनिटं बोलला. धंदा बंद केला होता. पन्नाशीत पोहायला शिकला होता. वडील आता त्याला ओळखत नव्हते, पण जिन्यात त्याचा खोकला ऐकला की “आला” म्हणायचे. त्यामुळे तो रोज जिन्यात मुद्दाम खोकायचा. फोन ठेवताना म्हणाला, “यातलं काही छापू नकोस.” मी छापलं: ‘सध्या वडिलांसोबत असतो.’ तीन शब्द. सत्तावन्न शिल्लक राहिले.

आणि एक जण आहे ‘पत्ता तोच’वाला. कॉलेजात शेवटच्या बाकावर बसायचा, तोंडातून शब्द निघणं मुश्कील. मी मजकूर मागवला की दोनच शब्द पाठवायचा: ‘पत्ता तोच.’ हुद्दा नाही, बायकामुलं नाहीत. पहिली दोन वर्षं मी ते निमूटपणे छापलं. मग वाटलं, ही काय बातमी झाली? काही बदललं नाही हे कळवायला जागा कशाला अडवायची? सलग दोन अंकांत गाळलं. त्याची तक्रार नाही. पण दुसऱ्या अंकानंतर आमच्यातल्या तिघांनी वेगवेगळं विचारलं, तो बरा आहे ना? त्यातली एक तर गेली वीस वर्षं त्याच्याशी बोललेली नव्हती. म्हणाली, “अंक उघडला की त्याची ती ओळ आधी बघते, मग बाकीचं.” तेव्हापासून छापतो. त्याच्यासाठी ओळ आधीच टाइप करून ठेवलेली असते, उत्तर आलं की डकवायची.

या खेपेला मजकूर शुक्रवारी द्यायचा होता. बुधवारी त्याचं उत्तर आलं: ‘पत्ता बदललाय. कळवतो.’ मी फोन केला, कुणी उचलला नाही. संपादकांना दोन दिवस वाढवून मागितलेत. त्यांनी विचारलं, एवढं काय राहिलंय? म्हटलं, एक पत्ता.