बिल्ल्याच्या कडेवरचे नाव

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर हत्यारे मांडली जातात. विळा, दोन कोयते, कुऱ्हाड, आजोबांची जुनी पहार आणि या सगळ्यांच्या कडेला एक चांदीचा बिल्ला, अशी ती मांडणी माझ्या लहानपणापासून ठरलेली आहे. बिल्ला रुपयापेक्षा मोठा आणि जाड आहे. एका बाजूला राजाचे मुंडके आहे आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला स्वार. फीत केव्हाच कुजून गेली. हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ट्रंकेत जायचा. तो कोणाचा, असे विचारले की उत्तर मिळे, ‘बसऱ्याला गेलेल्यांचा.’ त्यापुढे कोणी काही सांगत नसे, कारण त्यापुढचे कोणाला ठाऊकच नव्हते.

बसऱ्याला गेलेले म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून पहिल्या महायुद्धाच्या वेळी जे पलटणीत गेले, त्यांतले ते एक, आणि जे परत आले नाहीत त्यांतलेही एक. त्यांना मूल नव्हते. मागे राहिली ती त्यांची बायको, जिला सगळे घर ‘धाकटी आजी’ म्हणे. माझ्या वडिलांनी तिला पाहिले आहे. ट्रेझरीतून पेन्शन आणायला ती तालुक्याला जायची, तेव्हा शाळकरी वयातले वडील तिच्या सोबतीला असत. हयातीच्या दाखल्यावर अंगठा उठवताना तिथला कारकून नाव विचारी आणि ती पदर पुढे ओढून गप्प बसे. नवऱ्याचे नाव ती कसे घेणार? मग कागदावर पाहून कारकूनच ते वाची, आणि वडील म्हणतात की आपण त्या वेळी खिडकीबाहेरच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत होतो. ते एक नाव आपण ऐकून ठेवले असते तर पुढची साठ वर्षे वाचली असती, असे ते आता हळहळून सांगतात.

बिल्ल्यावरचा स्वार धाकट्या आजीच्या लेखी खंडोबा होता. आमचे कुलदैवत पालीचा खंडोबा, तेव्हा घोड्यावर बसलेला दुसरा कोण असणार? ती दर रविवारी त्याला भंडारा लावी. तो स्वार खरे तर विलायतेतला संत जॉर्ज आहे, अंगावर चिंधीही नसलेला, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल तुडवणारा. पण तिच्या श्रद्धेने एक काम मात्र केले. 1972 च्या दुष्काळात आजोबांनी घरातली चांदी एकेक करून सराफाकडे नेली, करगोटे गेले, फुलपात्रे गेली, पण अडीच तोळ्यांहून जास्त चांदीचा हा बिल्ला कोणी उचलला नाही. देव विकायचा नसतो. कित्येक घरांतले असे बिल्ले त्या काळात आटवले गेले असतील. आमचा वाचला तो भंडाऱ्यामुळे.

आणि त्याच भंडाऱ्यामुळे तो वाचताही आला नाही. पन्नास-साठ वर्षांची हळद आणि कुंकू कडेच्या बारीक खाचांत भरून, तेलाने घट्ट होऊन बसले होते. तीन वर्षांपूर्वी धाकटे काका दसऱ्याला गावी आले होते. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बिल्ला हातात घेतला, वजन पाहिले आणि म्हणाले, “कडेला बघ. फौजेत माणूस म्हणजे नंबर, रँक आणि नाव. सरकार बिल्ला दिल्यावर या तीन गोष्टी त्यावर घातल्याशिवाय राहत नाही.” लगेच ब्रासो आणून घासायचा त्यांचा बेत होता, बेल्टाचे बक्कल चमकवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याला दुसरे काय सुचणार? मी तो बेत हाणून पाडला. घासून घासून अक्षरे उडालेले बिल्ले मी पाहिले होते. कोमट पाणी, अंगाचा साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन आम्ही दोघे ओसरीवर बसलो. पाणी आधी पिवळे झाले, मग लाल. तासाभराने कडेवर इंग्रजी अक्षरे दिसू लागली: चार आकडी क्रमांक, मग ‘सिपॉय’, मग नाव, आणि शेवटी ‘117 मराठा’.

ते नाव मी इथे लिहिलेले नाही. ते आधी घरात, घरच्यांच्या तोंडी रुळावे, अशी वडिलांची इच्छा आहे.

117 वी मराठा म्हटल्यावर पुढचा धागा सापडणे अवघड नव्हते. ही पलटण सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि ही डिव्हिजन 1914 च्या नोव्हेंबरात इराणच्या आखातातून आजच्या इराकमधल्या फाव येथे उतरली, त्याच महिन्यात बसरा घेतले आणि पुढे वर्षभर तैग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या दिशेने सरकत गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. तेल वाचवण्यासाठी सुरू झालेली मोहीम बगदादच्या मोहापायी लांबत गेली. बोटी कमी, डॉक्टर कमी, औषधे कमी, आणि तरीही वरून हुकूम पुढे जाण्याचेच. 22 नोव्हेंबर 1915 रोजी टेसिफॉन येथे, जिथे प्राचीन इराणी राजवाड्याची प्रचंड कमान आजही उभी आहे तिथे, तुर्कांशी गाठ पडली. त्या लढाईत डिव्हिजनचे साडेचार हजारांवर लोक ठार किंवा जखमी झाले. जखमींना नदीपर्यंत आणायला स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्या होत्या. वाळलेल्या, भेगाळलेल्या जमिनीवरून त्या गाड्या जाताना आत काय होत असेल, हे बैलगाडीतून खडकाळ वाटेने गेलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जे उरले ते तैग्रिसकाठच्या कुत या गावापर्यंत मागे आले, तिथे 147 दिवस वेढ्यात अडकले आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेले. कैद्यांपैकी कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत गेले, कित्येक रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर गेले.

आमचे पणजोबा-बंधू या साखळीत नेमके कुठे गळाले? महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. पहिले चार-पाच दिवस मी आडनावाने शोधत राहिलो आणि हाती काही आले नाही. मग लक्षात आले की लिहिणारा साहेब, सांगणारा नाईक आणि मधला कारकून यांच्यातून प्रवास करून आलेले मराठी आडनाव ओळखू येण्याच्या पलीकडे गेलेले असते. पांडुरंगाचा पांडू होतो, गणपतीचा गनू, रामचंद्राचा रामा. ज्यांना असा शोध घ्यायचा असेल त्यांनी आडनाव बाजूला ठेवावे. पलटण, साल आणि देश एवढेच घालावे आणि निघालेल्या यादीतली गावे मोठ्याने उच्चारून पाहावीत. डोळ्यांना न ओळखू येणारे गाव कानाला बरोबर ओळखू येते. आमच्या गावाचे नाव तिथे असे काही लिहिले होते की वाचून ते कर्नाटकातले वाटावे, पण वडिलांनी ते म्हणून पाहिले आणि लगेच हसले.

नोंद मोजून चार ओळींची आहे. बिल्ल्यावरचाच क्रमांक, हुद्दा, पलटण. मृत्यू 22 नोव्हेंबर 1915. वडिलांचे नाव. गाव, तालुका, सातारा. आणि मग, अमुक हिचा पती. ते ‘अमुक’ वाचून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. धाकट्या आजीला धाकटी आजी याशिवाय दुसरे नाव होते, हेच घरात कोणाच्या ध्यानात उरले नव्हते. जिने पन्नास वर्षे नवऱ्याचे नाव तोंडातून काढले नाही, तिचे स्वतःचे नाव आम्हांला शेवटी नवऱ्याच्या नोंदीतून मिळाले.

या नोंदीच्या खाली स्मारकाचे नाव आहे: बसरा मेमोरियल. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांचे हे स्मारक. आमच्या घरातल्या ‘बसऱ्याला गेले’ या वाक्याचा उगम कदाचित बोटीत चढताना ऐकलेल्या बंदराच्या नावात असेल, पण योगायोगाने ते खरेच ठरले. हे स्मारक मुळात बसऱ्याजवळ नदीकाठी होते. 1997 मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. इथपर्यंत मला समाधान वाटत होते. पुढची गोष्ट कळल्यावर ते राहिले नाही. त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, पण हिंदी शिपायांची नावे दगडावर नाहीत. पलटणीचे नाव आणि खाली ‘इतर इतके हिंदी सैनिक’, एवढेच. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे हिंदी सैन्याचे जे स्मारक आहे तिथे शिपायांचीही नावे कोरलेली आहेत. म्हणजे नावे कोरता येत नव्हती असे नाही. युरोपात मेलेला शिपाई नावाने उरला आणि इराकात मेलेला त्याचाच गाववाला आकड्यात जमा झाला. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव मान्य केला आणि माफीही मागितली. बरे झाले. पण ज्या बाईने ते ऐकायला हवे होते ती 1968 मध्येच गेली.

वडिलांची समजूत होती की दिल्लीच्या इंडिया गेटवर आपल्या चुलत आजोबांचे नाव असणारच. नव्वदच्या दशकात आम्ही दिल्लीला गेलो होतो तेव्हा मान दुखेपर्यंत ते वर बघत उभे होते. ती कमान सत्तर हजारांवर हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ आहे, पण तिच्यावर नावे तेरा हजारांच्या थोडी वर आहेत. त्यांत मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि 1919 च्या अफगाण युद्धात पडलेले लोक आहेत. हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. चष्म्याचा नंबर वाढला असेल असे म्हणून आम्ही परत फिरलो.

आमच्या भागातल्या काही गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिचा मजकूर असतो. इथेही दोन आकडे, नाव एकही नाही. अपशिंगे या गावाला तर ‘मिलिटरी’ हे उपपदच चिकटले आहे, इतक्या पिढ्या तिथून सैन्यात गेल्या. अशा गावांचा अभिमान सर्वांनाच वाटतो, मलाही वाटतो, पण भाषणांत हा अभिमान नेहमी गावाचा, जिल्ह्याचा, मातीचा असतो. माणूस त्यात सापडत नाही. स्वातंत्र्यदिनाला व्यासपीठावरून ‘ज्ञात-अज्ञात वीरांना’ नमन करतात तेव्हा मला आता अडखळायला होते. अज्ञात कोण? बहुतेकांची नावे कोणत्या ना कोणत्या वहीत आहेत. ती वही उघडायचे काम उरले आहे. खडकीच्या युद्धस्मशानात मी गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक जणांची थडगी तिथे आहेत, एकसारखे दगड, त्यांवर पलटणीचे चिन्ह, नाव, वय. विशीतली पोरे आहेत सगळी. कोणी यावे आणि कोणाचेही नाव वाचावे. एवढेच आपल्या माणसासाठी असते तर, असे तिथे उभ्या उभ्या वाटले.

काकांबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण मेलेल्यांचा सन्मान करताना जिवंत माणूस अंगणात खाट टाकून बसलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. ते कधी स्वतःहून बोलत नाहीत. या शोधाच्या निमित्ताने मात्र त्यांनी आपली डिस्चार्जची कागदपत्रे, छुट्टीवर येताना काढलेले फोटो आणि मनीऑर्डरच्या पावत्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी सगळे नीट क्रमाने लावून, कोणत्या फोटोत कोण आहे ते त्यांच्याकडून विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवतो आहे. आतापर्यंत अकरा जणांची नावे त्यांना आठवली. बाराव्या चेहऱ्यापाशी ते दोन दिवस अडले आहेत आणि त्यामुळे जेवणातही त्यांचे लक्ष नाही.

घरात राहिला तो तिथीचा प्रश्न. धाकट्या आजीला नवरा कोणत्या दिवशी गेला हे कधीच कळले नव्हते. बातमी आली ती कित्येक महिन्यांनी. त्यामुळे त्यांचे श्राद्ध सर्वपित्रीला, सगळ्यांबरोबर उरकले जाई, आणि संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा अशी सरळ रेषेतली नावे घेतली जात असल्याने निपुत्रिक भावाचे नाव उच्चारायची वेळच येत नसे. आता तारीख हाती आली होती. जुन्या पंचांगांवरून पाहिले तर तो दिवस 1915 च्या त्रिपुरी पौर्णिमेच्या अगदी आसपासचा निघाला. म्हणजे धाकटी आजी देवळाच्या दीपमाळेवर पणती ठेवून आली असेल, त्याच सुमारास.

गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा त्यांच्यासाठी वेगळे पान वाढले. गुरुजींनी नाव आणि गोत्र विचारले. वडिलांनी ऐंशीव्या वर्षी आपल्या चुलत आजोबांचे नाव पहिल्यांदा मोठ्याने घेतले, मग धाकट्या आजीचेही घेतले. गुरुजी पुढचा मंत्र सुरू करणार तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेले काका म्हणाले, “नंबरही सांग रे. नंबर सांगितल्याशिवाय ते ओ देणार नाहीत.” वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी बिल्ला उजेडाकडे वळवला आणि कडेवरचे चार आकडे वाचून दाखवले.