आठ तासांचं कारवार, पायी

‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा मी शाळेत असल्यापासून बेळगावात १ नोव्हेंबरच्या सीमाप्रश्नाच्या फेरीत देत आलोय. यातलं निपाणी येता-जाता दिसतं. बिदर, भालकी लांब पडतात, ती बघितली नाहीत म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. पण कारवार? पाच तासांची बस. पन्नाशी आली तरी आमचं ते बघायचं राहूनच गेलं होतं. गोव्याला जाताना काणकोणपर्यंत गेलो नि तिथनं माघारी फिरलो, असं तर दोनदा झालंय.

माझा मावसभाऊ क्रूझवर किचनमध्ये असतो. त्याची बोट मुरगावला लागते तेव्हा प्रवाशांना सात-आठ तास मिळतात. तो सांगतो, शहाणी माणसं टूरच्या बसमध्ये बसत नाहीत. बंदरातनं बाहेर पडतात, पायी हिंडतात, कुठंतरी जेवतात आणि भोंगा व्हायच्या आत परत येतात. आम्ही नवरा-बायकोनं कारवार तसंच बघायचं ठरवलं. फरक एवढाच, की आमची बोट म्हणजे रविवारी दुपारी दोनची बस.

जाण्याचं आधी सांगतो. बेळगावहून कारवारच्या गाड्या वेगवेगळ्या वाटांनी जातात, बसताना कंडक्टरला विचारून घ्या. आमची खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशीच्या घाटातनं उतरली. वाट सुंदर, दोन्ही बाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. मात्र ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट धरावी आणि पावसाळ्यात हा घाट टाळावा, दरडी येतात. ‘शक्ती’ योजनेमुळं बायकोचं तिकीट शून्य रुपयाचं. आधार कार्डावरचा पत्ता कर्नाटकातला पाहिजे, तो आमचा आहेच, त्यावरनंच तर सगळं भांडण. मला मात्र पूर्ण पैसे पडले आणि ती वाटभर ते ऐकवत होती.

शनिवारी दुपारी उतरलो आणि पहिल्यांदा अंगावर आली ती हवा. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे हे आम्ही विसरतो. कारवारात नोव्हेंबरातसुद्धा सदरा पाठीला चिकटतो. त्यामुळं दुपारी बारा ते चार चालायचं मनातही आणू नका. लॉजवर पडून राहिलो आणि ऊन कलल्यावर कोडीबागला निघालो. स्टँडपासून रमतगमत तासभर लागला. काळी नदी समुद्राला मिळते ती जागा ही. पलीकडे सदाशिवगडाचा डोंगर, सोंद्याच्या राजांनी बांधलेला किल्ला. नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये रात्री कोसळला, एक ट्रक खाली गेला, ड्रायव्हर वाचला. त्याच्या शेजारच्या पुलावर आता दोन्हीकडची वाहतूक आहे आणि लॉऱ्या अंगावर येतात. तिथं चालण्याचा हट्ट सोडा. सदाशिवगडला जायचं तर रिक्षानं किंवा लोकल बसनं पूल ओलांडा आणि मग वर चढा. वर तटबंदीचं फार काही उरलेलं नाही, दुर्गादेवीचं देऊळ आहे, पण एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र आणि मध्ये बेटं असं दिसतं की बायकोनं तिकिटाचा विषय सोडला.

रविवारी सकाळी सहाला आमचे आठ तास सुरू झाले. टागोर बीच स्टँडपासून चालत पंधरा मिनिटं. महामार्ग गाव आणि पुळण यांच्या मधून जातो, तो ओलांडताना तेवढं जपून. नाव टागोर कशाला, तर रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, आयसीएस झालेले पहिले भारतीय, इथं न्यायाधीश होते. त्यांच्याकडे बाविशीतले रवींद्रनाथ येऊन राहिले आणि इथंच त्यांनी एक नाटक लिहिलं. तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं. १८६२ साली उत्तर कन्नड मद्रासकडून मुंबईकडे आला आणि १९५६ साली म्हैसूरकडे गेला.

पाण्यातनं रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणं चालू होतं. दोरीच्या दोन टोकांना पंधरा-वीस माणसं, आवाज न करता मागं सरकत होती. मी चपला काढून ओल्या वाळूतनं चालायला लागलो आणि गावातला एक नाला जिथं पुळणीवर पसरतो तिथं घोट्यापर्यंत रुतलो. तो चिखल समुद्राचा नव्हता, एवढंच सांगतो. पुळणीवरनं दक्षिणेकडे जाणार असाल तर वास आला की वर रस्त्यावर या.

बैतखोलचं बंदर तिथनं पाऊण तास. व्यापारी बंदरात आपल्याला सोडत नाहीत. पूर्वी इथनं लोहखनिज जायचं, आता डांबराच्या आणि तेलाच्या टाक्या दिसतात. पण शेजारच्या मासेमारी धक्क्यावर कुणी अडवत नाही. आठ वाजता ट्रॉलरमधनं पाट्या उतरत होत्या. मोबाइल मात्र बेतानं काढा. पुढं अर्ग्याला नौदलाचा कदंब तळ आहे, त्या बाजूला फोटो घेऊ नका. अंजदीव बेटही नौदलाकडे आहे, जाता येत नाही. देवगडच्या बेटावरचं दीपगृह लांबनंच बघायचं. कुर्मगडावर नरसिंहाचं देऊळ आहे. पौष पौर्णिमेच्या जत्रेला मच्छीमार होड्या घेऊन जातात, जायचं तर तेव्हा जा.

धक्क्यावर एक मासेवाली म्हणाली, “कितें जाय गो बाये?” बायको मराठीत बोलली, ती कोंकणीत, आणि व्यवहार कुठंच अडला नाही. “तुमी खंयचे?” म्हणून विचारलं. बेळगावचे म्हटल्यावर म्हणाली, “आमचो चेडो थंय शिकता.” म्हणजे त्यांचा पोरगा आमच्या गावात शिकतो, त्यांना बेळगावचे बसस्टॉप पाठ आणि आम्हाला कारवारची फक्त घोषणा. इथं सगळे मराठीत बोलत असतील असं मी उगाच धरून आलो होतो. त्यांना मराठी सगळी कळते. बोलतात ती कोंकणी, कचेरीत कन्नड. मी थोडा हिरमुसलो हे खरं आहे. बायकोला काहीच वाटलं नाही, ती बांगड्याचा भाव करत होती.

परतताना पुळणीवरच्या ‘चपल’ युद्धनौकेच्या संग्रहालयात शिरलो. सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रवाहू बोट, आत वाकून चालावं लागतं, उंच माणसांनी डोकं सांभाळा. एक गृहस्थ मुलाला सांगत होते की हिनंच कराचीवर हल्ला केला. तसं नाही. १९७१ च्या त्या बोटी याच जातीच्या होत्या, ‘चपल’ नौदलात आली १९७६ साली. बाहेर रामा राघोबा राणे यांचा पुतळा आहे. शेजारच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला, आणि जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. आमच्या फेरीत कारवारचं नाव घेताना यांचं नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

अकराला रविवारच्या बाजारात. लॉज घ्यायचं तर शनिवारचं घ्या ते यासाठीच. भाज्या, केळी, तांबडा तांदूळ, भांडी आणि एका कडेला सुकी मासळी. नाष्टा राहिला असेल तर बन्स खा, केळं घालून केलेले, गरम असताना. जेवणाला मोठी पाटी बघून जाऊ नका, आम्ही तसं गेलो आणि कालचा रस्सा मिळाला. स्टँडजवळच्या रिक्षावाल्याला तो कुठं जेवतो ते विचारा. शनिवारी रात्री असंच विचारून गेलो होतो तिथं खुब्ब्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण (रस्सा) होतं, सोलकढी मागाल तेवढी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेनं जाऊ नका.

दोनला आमची ‘बोट’ लागली. चालणं सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर झालं असेल. नवीन चपला घालून आलो ती चूक माझीच, डाव्या पायाला दोन फोड. बायकोच्या पिशवीत सुके बांगडे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. घट्ट झाकणाचा डबा न्यायला विसरू नका, कारण कद्र्याला येईपर्यंत सगळी बस मागं वळून बघायला लागली. कंडक्टर आला तेव्हा वाटलं, पिशवी टपावर टाकायला लावतोय.

“बांगडा काय?” त्यानं विचारलं. “कितीला दिला शेकडा?”

बायकोनं सांगितलं.

“म्हाग घेतलासा की वो वैनी,” म्हणाला, आणि तिकिटाचं मशीन काखेत मारून पुढं गेला.